हातकागदावर उतरणारे चित्र

एका कागदावर छापलेले चित्र त्या कागदापासून सोडवून दुसऱ्या कागदावर, कापडावर किंवा लाकडावर उतरवण्याच्या पद्धतींना चित्र-स्थानांतर म्हणता येईल. चित्रकलेचे विद्यार्थी आणि हौशी कलावंत त्याला सरळ ‘ट्रान्सफर’ म्हणतात. रंग, कात्रणे, शिवण, छापकाम अशी अनेक साधने एकाच पृष्ठभागावर आणणाऱ्या मिश्रमाध्यम चित्रकलेत, तसेच रोजच्या नोंदींसोबत तिकिटे, पाने, छायाचित्रे आणि रंग सामावून घेणाऱ्या चित्ररोजनिशीत या पद्धती आता चांगल्याच रुळल्या आहेत. कात्रण डकवले की त्याची कड, जाडी आणि त्याचा पांढरेपणा पानावर कायम राहतो. स्थानांतरात मात्र मूळ कागद निघून जातो आणि शाई तेवढी उरते, त्यामुळे चित्राच्या पांढऱ्या भागांतून खालच्या पानाचा रंग, त्याचा पोत आणि तिथे आधी लिहिलेली ओळसुद्धा दिसत राहते. चित्र आणि मजकूर असे एकजीव होणे दुसऱ्या कोणत्याही सोप्या पद्धतीने साधत नाही.

या पद्धतींच्या कृती आज सहज मिळतात, आणि तरीही त्या पाळूनही अनेकांचे चित्र फाटते, धुरकट होते किंवा मुळात उतरतच नाही. कृती सांगणाऱ्याने शाई कोणती आणि कागद कोणता हे गृहीत धरलेले असते आणि करणाऱ्याला ते ठाऊक नसते, हे त्याचे खरे कारण होय. यांपैकी कागदाचा विचार विदर्भात, विशेषतः वर्ध्याला, एके काळी इतक्या आस्थेने झाला आहे की चित्र-स्थानांतराकडे वर्ध्याहून पाहणे अनेक अंगांनी उपयोगाचे ठरते.

चित्र किंवा अक्षर एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर नेण्याची गरज मुळात हौसेतून निर्माण झालेली नाही. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ चा, म्हणजे इसवी सन ९४० चा, ताम्रपट सापडला आणि त्याचे वाचन रा. गो. भांडारकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. पवनारची गोष्टही अशीच आहे. वाकाटकांच्या अनेक ताम्रपटांत येणारे प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचे पवनार, असे मत वा. वि. मिराशींनी मांडले, पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर त्यावर बराच वाद झाला. मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये निघाला. असे ताम्रपट आणि शिलालेख अभ्यासकांपर्यंत पोहोचतात ते ठशांच्या रूपाने, आणि शिलालेखाचा ठसा घेणे हे चित्र-स्थानांतराचे अत्यंत शुद्ध उदाहरण आहे. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद अंथरतात, राठ केसांच्या ब्रशने तो ठोकत ठोकत अक्षरांच्या खोबणींत बसवतात, कागद थोडा सुकत आला की कापडी पुचडीने त्याच्या वरच्या बाजूला शाई लावतात आणि पूर्ण वाळल्यावर तो अलगद काढून घेतात. शाई उंच भागाला लागते, खोबणीत शिरलेला कागद पांढरा राहतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे पांढरी उमटतात. शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूला लागलेली असल्याने ही अक्षरे उलटी येत नाहीत, हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे, कारण चित्र पालथे घालून उतरवायच्या बाकी बहुतेक पद्धतींत आरशातल्यासारखे उलटे होणे अटळ असते.

या उलटेपणावर शिळाछापाने वेगळा तोडगा काढला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषक प्रदेशात आलोइस झेनेफेल्डर याने शोधलेल्या या तंत्रात गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने लिहितात, दगड ओला करतात आणि त्यावर छपाईची शाई फिरवतात. ओल्या दगडावर ती बसत नाही, तेलकट अक्षरांवर तेवढी बसते. दगडावर सगळे उलटे लिहायला हवे, ही त्यातली अडचण. म्हणून खास तयार केलेल्या कागदावर सुलटे लिहून ते लिखाण दाबयंत्राखाली दगडावर उतरवायची युक्ती निघाली आणि लेखनिकाचे सुंदर हस्ताक्षर जसेच्या तसे छापता येऊ लागले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, आणि पुढची अनेक दशके मराठी पोथ्या याच तंत्राने घरोघरी गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणाची जोड मिळाल्यावर नकाशे, रेखाचित्रे आणि हस्तलिखिते प्रकाशाच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर उतरवली जाऊ लागली. या कामाचा सरकारी छापखाना पुण्यातही होता. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेल्या आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या भारतीय राज्यघटनेच्या प्रतीही देहरादूनला भारतीय सर्वेक्षण विभागाने छायाशिळाछापानेच काढल्या. आजच्या चित्ररोजनिशीतील चित्र या घराण्याचे आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील प्रत्येक पायरीमागचे कारण समजू लागते.

आता कागदाकडे वळावे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत, म्हणजे गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगनवाडीत, त्याचे ठाणे पडले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाश्यापालन, साबण यांच्या जोडीने हातकागदाचा उद्योग हाती घेतला. संघाची प्रकाशने हातकागदावर छापली जात आणि के. बी. जोशी यांचे या विषयावरील मार्गदर्शक पुस्तक संघानेच काढले. पुण्याची हातकागद संस्था १९४० मध्ये जोशींच्याच पुढाकाराने उभी राहिली, आणि पुढे राजस्थानात सांगानेर येथे निघालेल्या राष्ट्रीय हातकागद संस्थेला कुमारप्पांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात कागद करणे नवे नव्हते. दौलताबादजवळचे कागझीपुरा त्या उद्योगावरच वसले आणि वाढले. मगनवाडीत मात्र हा उद्योग पारंपरिक कागदी घराण्यांच्या बाहेर, शिकवता येईल आणि सुधारता येईल असा विषय झाला. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांच्या या सगळ्या खटपटीचा इतिहास अजून पाहायला मिळतो, आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तिथे न्यायला हवे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

सुती हातकागदाचा कच्चा माल म्हणजे चिंध्या आणि शिवणकामातील कातरण. हिंगणघाटचा कापूस एके काळी थेट इंग्लंडच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जाई. अशा कपाशीच्या मुलखात हा माल बाहेरून आणावा लागत नाही. चिंध्या निवडून, बारीक कापून, भिजवून त्यांचा पाण्यात लगदा करतात, तो हौदात पातळ करून जाळीच्या साच्यावर उचलतात, साचा हलवून तंतू एकमेकांत गुंतवतात आणि ओला ताव कापडावर पालथा घालून दाबाखाली पाणी काढतात. गिरणीच्या कागदापेक्षा हा कागद मुळातच वेगळा असतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची गिरणी बांबूच्या आणि लाकडाच्या लगद्यावर उभी राहिली. झेरॉक्ससाठी वापरला जाणारा कागद साधारणतः अशाच लगद्याचा किंवा उसाच्या चिपाडाचा असतो, त्याचे तंतू आखूड असतात आणि पाणी लागल्यावर चोळले तर त्याचा भुगा होतो. सुती चिंध्यांचे तंतू लांब असतात, ते भिजले तरी एकमेकांना सोडत नाहीत.

चित्र-स्थानांतराचे मर्म नेमके या फरकात आहे. ज्या कागदावरून चित्र काढायचे तो दुबळा हवा, म्हणजे तो विरघळल्यासारखा निघून जाईल, आणि ज्यावर चित्र बसवायचे तो दणकट हवा, म्हणजे त्याच ओल्या चोळण्यात तो टिकून राहील. गिरणीचा स्वस्त कागद देणारा आणि चिंध्यांचा हातकागद घेणारा, ही जोडी म्हणूनच उत्तम जमते. उलट दोन्हीकडे साधा झेरॉक्सचा कागद घेतला तर वरचा निघण्याआधी खालचाच फाटतो. बाजारात महागड्या आयात वह्यांचा या कामासाठी प्रचार होत असतो, परंतु चांगला हातकागद असताना त्यांच्यावाचून काहीच अडत नाही.

अर्थात हातकागद म्हटला की काम झाले असे नाही, कारण त्याला खळ किती दिली आहे यावर बरेच अवलंबून असते. खळ म्हणजे कागदाने पाणी आणि शाई एकदम शोषू नये म्हणून तंतूंवर चढवलेला पातळ थर. जुन्या पद्धतीत तो पिठाच्या पेजेचा असे आणि वाळलेला ताव गुळगुळीत दगडाने घोटून तकतकीत केला जाई. आता लगद्यातच रासायनिक द्रव्य मिसळून तेच साधले जाते. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहिला की परीक्षा होते. थेंब तिथल्या तिथे बसला तर कागदाला भरपूर खळ आहे, हळूहळू मुरला तर मध्यम आहे आणि पडताक्षणी डाग पसरला तर कागद बिनखळीचा आहे असे समजावे. बिनखळीच्या कागदावर आधी अ‍ॅक्रिलिक माध्यमाचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या बिनरंगी द्रवाचा, पाणी घालून पातळ केलेला हात देऊन तो पूर्ण वाळवावा. तसे केले नाही तर चिकटवण्याचे द्रव्य खोल शोषले जाते, पृष्ठभागावर चित्राला धरायला काही राहत नाही आणि चोळताना हातकागदाचेच तंतू उठू लागतात. खडबडीत कागदावर चित्र फक्त उंचवट्यांना चिकटते आणि खळग्यांत तुटते. हा तुटकपणा नको असेल तर घोटलेला कागद घ्यावा.

शाईचा विचार याहून अधिक काटेकोर आहे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या चार छपायांत चार निरनिराळे पदार्थ असतात. झेरॉक्स यंत्रात आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई म्हणून जी भुकटी वापरतात, तिला टोनर म्हणतात; ती प्रामुख्याने प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांची असते, त्यांत काजळी किंवा रंगद्रव्य मिसळलेले असते आणि यंत्रातील तापलेला रूळ ती वितळवून कागदाच्या पृष्ठभागावर चिकटवतो. ती कागदात मुरत नाही, पाण्याने विरघळत नाही, पण उष्णतेने आणि अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने मऊ होते. स्थानांतराच्या निम्म्याअधिक पद्धती या तीन गुणांवर उभ्या आहेत. घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि ओल्या चोळण्यात ती पसरून नाहीशी होते. वर्तमानपत्राची तेलकट शाई कागदात शोषली जाऊनच वाळते, पूर्णतः पक्की कधी होत नाही. म्हणून मेणबत्ती घासलेल्या कागदावर ताजे वर्तमानपत्र पालथे ठेवून चमच्याने घोटले की त्यातले चित्र फिकट का होईना उमटते, आणि अनेक मराठी घरांतल्या मुलांचा हाच पहिला ‘ट्रान्सफर’ असतो. चौथा पदार्थ म्हणजे जुन्या स्टुडिओतील कृष्णधवल फोटो. त्यात शाई नसतेच. जिलेटिनच्या थरात अडकलेले चांदीचे कण चित्र घडवतात. असा फोटो कोणत्याही पद्धतीने उतरत नाही, तो केवळ नष्ट होतो. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकमेव फोटो या प्रयोगासाठी कधीही भिजवू नये. त्याची स्कॅन करून लेझर प्रत काढावी आणि मूळ फोटो जपून ठेवावा.

वहीच्या पानासाठी सर्वांत भरवशाची पद्धत अ‍ॅक्रिलिक जेलची. जेल म्हणजे पाण्यात विखुरलेल्या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे दाट, दुधाळ मिश्रण. पाणी उडून गेले की कण एकमेकांना मिळून पारदर्शक, लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्याने सुटत नाही. हातकागदावर जेलचा एकसारखा थर द्यावा, लेझर प्रत छापील बाजू खाली करून त्यावर ठेवावी आणि मधून कडांकडे बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने हवा काढत न्यावी. बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी चित्राला भोक पडणार, हे निश्चित. त्यानंतर रात्रभर थांबावे; पावसाळ्यात पूर्ण दिवसही लागतो, तर वैदर्भीय उन्हाळ्यात जेल इतका लवकर ओढतो की कागद ठेवण्याआधीच त्यावर साय धरते, म्हणून त्या दिवसांत थर छोट्या भागांत आणि पंखा बंद करून द्यावा. वाळल्यावर कागदाची पाठ ओल्या स्पंजने भिजवून मिनिटभर मुरू द्यावी आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळावी. नखाने किंवा घासणीने चोळू नये. उटणे लावल्यावर अंगावरून निघतात तशा कागदाच्या बारीक वळ्या निघू लागतात आणि खालून चित्र दिसू लागते. इथे बहुतेक जण घाई करतात आणि फसतात, कारण ओले असताना चित्र स्वच्छ दिसते, वाळले की त्यावर पांढुरकी झाक येते. ती झाक म्हणजे उरलेल्या तंतूंचा थर होय. पुन्हा ओले करून, पुन्हा चोळून, पुन्हा वाळवून असे दोन-तीन वेळा केल्यावर ती पुष्कळ कमी होते, आणि शेवटी उरलीच तर पातळ माध्यमाचा एक हात दिल्यावर राहिलेले तंतू पारदर्शक होतात. सुताराचा पांढरा डिंक जेलऐवजी चालतो, मात्र साधा डिंक वाळूनही पाण्याने मऊ पडत असल्याने चोळताना चित्र सरकते. घ्यायचाच असेल तर पाण्याला टिकणाऱ्या जातीचा घ्यावा.

प्रत काढताना चित्र उलटे करून घेणे विसरू नये. झेरॉक्सच्या दुकानात ‘मिरर प्रिंट’ म्हटले की कळते. माणसाचा चेहरा उलटा झालेला पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, पण देवनागरी मजकुराची दुर्दशा होते: काना अक्षराच्या अलीकडे जातो, ऱ्हस्व वेलांटी दीर्घासारखी भासते आणि वाचणारा अडखळतो. पत्राचा, सातबाऱ्याचा किंवा जुन्या पोथीच्या पानाचा तुकडा पार्श्वभूमीला घेताना म्हणूनच विशेष काळजी हवी.

द्रावकाची पद्धत याहून जलद, पण जास्त जपून करण्याची आहे. लेझर प्रत पालथी ठेवून तिच्या पाठीवर अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावलेला बोळा फिरवतात आणि लगेच चमच्याच्या पाठीने घोटतात. टोनर क्षणभर मऊ होऊन खालच्या कागदाला चिकटतो. इथे ओले चोळणे नाही, पापुद्रा नाही, चित्र थेट हातकागदाच्या अंगावर येते आणि त्यात घोटण्याच्या रेघा दिसतात. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग याने या रेघांनाच रेखाटनाचे मोल दिले. मासिकांतील चित्रे द्रावकाने भिजवून, पाठीवर घासून त्याने १९५८ ते १९६० या काळात दान्तेच्या ‘इन्फर्नो’च्या ३४ सर्गांसाठी ३४ चित्रे केली. वर्ध्याच्या संदर्भात त्याची आठवण आणखी एका कारणाने होते. हाच चित्रकार १९७५ मध्ये अहमदाबादला आला आणि साबरमतीच्या गांधी आश्रमाशी निगडित हातकागदाच्या कारखान्यात राहून त्याने कागदाचा लगदा, बांबू, कापड आणि माती यांतून दोन चित्रमालिका घडवल्या. चित्र उतरवण्याच्या कलेतील जगातला एक मोठा कलावंत स्वतः लगद्याच्या हौदापाशी येऊन उभा राहिला आणि तो हौद गांधीविचारातून निघालेला होता, ही घटना महाराष्ट्रातील कलाशिक्षणात फारशी सांगितली जात नाही, ती सांगितली गेली पाहिजे. द्रावकांबाबत मात्र स्पष्ट बजावले पाहिजे की त्यांच्या वाफा डोक्यात जातात आणि भडकन पेट घेतात. हे काम उघड्या गच्चीवर, हातमोजे घालून, देवघरातील निरांजन आणि स्वयंपाकघरातील गॅस यांपासून दूर करावे आणि लहान मुलांना करू देऊ नये.

खादीवर चित्र उतरवताना उष्णता कामी येते. टोनर तापवून चिकटवलेला असतो, त्यामुळे सुती कापडाच्या अंकावर ठेवलेली इस्त्री तो काही प्रमाणात पुन्हा मऊ करून कापडावर सोडते; चित्र फिकट आणि विटके येते आणि धुण्याला फारसे टिकत नाही, म्हणून वहीच्या कापडी वेष्टनापुरते ते ठीक. टिकाऊ काम हवे असेल तर निळ्या छपाईकडे, म्हणजे सायनोटाइपकडे जावे. जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत लोहाच्या दोन क्षारांचे, म्हणजे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कापडावर किंवा कागदावर लावून अंधारात वाळवतात, त्यावर पारदर्शक फितीवर छापलेले उलट्या छटांचे चित्र ठेवून उन्हात धरतात आणि साध्या पाण्याने धुतात. जिथे ऊन लागले तिथे प्रशियन निळा रंग घट्ट बसतो, बाकीचे द्रावण वाहून जाते. यात शाई एका जागेवरून दुसरीकडे जात नाही, प्रकाश चित्र वाहून आणतो. यासाठी खादी आधी उकळत्या पाण्यात धुऊन तिची खळ काढावी लागते. वर्ध्याच्या उन्हात काही मिनिटांत काम होते, पण पाण्याकडे लक्ष हवे: हा निळा रंग अल्कलीने मरतो आणि काळ्या खडकाच्या या मुलखात विहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते. पहिल्या धुण्यात थोडे व्हिनेगर घालावे, आणि असे कापड साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने कधीच धुऊ नये. फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कोणते चित्र उतरवावे हा प्रश्न तंत्राबाहेरचा वाटला तरी तसा नाही. उदाहरणार्थ, छायाचित्रकार कनू गांधी यांनी १९३८ पासून गांधीजींच्या अखेरच्या दशकाची छायाचित्रे घेतली, त्यांतली कितीतरी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील आहेत. फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला उभे राहायला सांगायचे नाही आणि आश्रमाने खर्च द्यायचा नाही, या गांधीजींच्या तीन अटी होत्या. त्यामुळे या छायाचित्रांत खिडकीतून आलेला मंद उजेड आहे, दाट सावल्या आहेत, धूसर मधल्या छटा आहेत. आणि नेमक्या याच छटा साध्या झेरॉक्समध्ये हरवतात, कारण यंत्राला करडा रंग ठाऊकच नसतो, तो काळ्या ठिपक्यांच्या दाटीविरळीने दाखवावा लागतो. जुन्या मराठी मासिकांतील जस्ताच्या ठोकळ्यांतही हीच रीत होती. अशा छायाचित्राची प्रत काढण्यापूर्वी संगणकावर सावल्या थोड्या उघडाव्यात आणि छटांतील अंतर वाढवावे. जिथे टोनर जाड पडतो तिथे चित्र पक्के उतरते, जिथे विरळ ठिपके असतात तिथे ते चोळण्यात झिजते. आजच्या छायाचित्रकाराला सेवाग्राममध्ये गांधीजींच्या बापू कुटीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे, ॐ आणि चरखा हे विषय मिळतात आणि तिरप्या उजेडात त्यांचे उठाव या पद्धतीला फार अनुकूल असतात. अशा मातीच्या भिंतीवर कागद लावून ठसा घेण्याचा मोह कोणी धरू नये. तिचे छायाचित्रच घ्यावे. दुसऱ्याने घेतलेले छायाचित्र वापरायचे असेल तर भारतीय कायद्यानुसार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्याचे हक्क राखीव असतात, हे ध्यानात ठेवावे; स्वतःच्या वहीत केलेला प्रयोग आणि विकण्यासाठी केलेले चित्र यांत या बाबतीत मोठा फरक पडतो.

जेलने केलेली पाने मिटून ठेवण्याचा प्रश्न शेवटी राहतो आणि वर्ध्यासारख्या ठिकाणी तो गंभीर आहे. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा वाळल्यानंतरही उष्णतेने थोडा चिकट होतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात कपाटात दाबून ठेवलेल्या वहीची समोरासमोरची दोन पाने एकमेकांना धरतात. उघडताना एका पानाचे चित्र दुसऱ्यावर जाते आणि दोन्ही वाया जातात. नव्या पानाला दोन-तीन आठवडे उघडे राहू द्यावे, त्यावर चकचकीत माध्यमापेक्षा मॅट माध्यमाचा शेवटचा हात द्यावा, प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपरचा तुकडा घालावा आणि उन्हाळ्यात वही आडवी न रचता पुस्तकांच्या फळीवर सैल उभी ठेवावी.